नळी बदललेल्या रायफलीचा नेम का चुकतो ?

पिकाची राखण हा शेतीच्या कामातील सर्वांत कंटाळवाणा, परंतु टाळता न येणारा भाग होय. नांगरणीपासून खुरपणीपर्यंत सर्व कामे यथासांग होऊन कणसात दाणा भरला, की रानडुकरांचा कळप एका रात्रीत सगळे वावर आडवे करून जातो, हा अनुभव डोंगराकडेच्या गावांतून शेती करणाऱ्या आमच्या बहुतेक वाचकांस आहे. कुंपण, चर, दिवे, डबे वाजविणे हे उपाय आधी करावयाचे. हत्यार हा अखेरचा उपाय, आणि तोही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे वनखात्याची परवानगी हाती असेल तरच. परंतु ज्यांच्यावर तो उपाय करण्याची पाळी येते, त्यांचे हत्यार नेमके असणे हे केवळ सोयीचे नसून कर्तव्याचे आहे. ते कसे, हे पुढील हकिकतीवरून दिसून येईल.

आमच्या एका स्नेह्यांजवळ .३१५ बोअरची परवान्याची रायफल आहे. तिची जुनी नळी आतून गंजाने खड्डेदार झाल्यामुळे त्यांनी परवानाधारक कारागिराकडून नवी नळी बसवून घेतली. त्यात बराच पैसा व सारा पावसाळा गेला. कार्तिकात परवानगीने राखणीस बसले असता सुमारे साठ वारांवरून त्यांनी एका डुकरावर बार टाकला. नेम खांद्यावर होता. गोळी लागली पोटात. जखमी जनावर शेजारच्या उसात शिरले. दुसरे दिवशी पहाटे त्याच उसात तोडणीची टोळी शिरावयाची होती. तीत लेकुरवाळ्या बायाही होत्या. ते जनावर सापडेपर्यंत टोळीस दिवसभर बांधावर बसवून ठेवावे लागले. वनखात्याच्या माणसांनी तिसरे प्रहरी त्याचा माग काढला, तेव्हा सर्वांचा जीव खाली पडला. "नवी नळीच खोटी निघाली, आता रायफल विकून टाकतो," असे आमचे स्नेही म्हणू लागले. आम्ही त्यांस म्हटले, "दादा, आधी दोष कोठे आहे तो शोधू, मग विकावयाची की ठेवावयाची ते ठरवा." तो शोध ज्या क्रमाने केला, तो क्रम सर्वांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे देत आहो.

रायफलीची रचना

इंग्रजी सैन्यात १८९५ साली ली-एनफील्ड रायफल आली. तिच्याच धर्तीवर बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात .३१५ बोअरची रायफल तयार होत आली आहे. .३०३ हे सैनिकी बोअर असल्याने सर्वसाधारण नागरिकास मिळत नाही, म्हणून हे निराळे बोअर. हिचे लाकूडकाम दोन तुकड्यांचे असते : मागे खांद्यास लागणारा दस्ता व पुढे नळीखालचे लाकूड. ह्या दोहोंच्या मध्ये पोलादी सांगाडा असतो. त्याच्या पुढील तोंडात नळी आट्यांनी घट्ट बसविलेली असते व मागून बोल्ट सरकतो.

बार उडाला म्हणजे नळी तंबोऱ्याच्या तारेसारखी कंप पावते. तारेखालचा जवारीचा धागा केसभर सरकला तरी स्वर बदलतो. त्याचप्रमाणे नळीस लाकूड कोठे व किती जोराने टेकते ह्यात फरक पडला, की गोळी नळीच्या तोंडातून निघण्याच्या क्षणी ते तोंड निराळ्या दिशेस असते. म्हणून नळी नवी व उत्तम असली, तरी ती जुन्या लाकडात नव्याने बसविल्यावर रायफल एका अर्थी नवीच झाली असे समजावे. जुन्या नळीच्या वेळचा नेम तिला लागू पडेल ही आशा धरू नये.

आधी सुरक्षितता

रायफल हाती घेतल्याबरोबर बोल्ट उघडून कोठी व पेटी दोन्ही रिकामी आहेत हे डोळ्यांनी व बोटांनी पाहावे. मग बोल्ट काढून मागील बाजूने उजेडाकडे नळीतून पाहावे. पावसाळाभर भिंतीस टांगलेल्या बंदुकीच्या नळीत कुंभारीण माशीने मातीचे घर केलेले आम्ही पाहिले आहे. नळीत माती, चिंधी किंवा वंगणाचा गोळा असता बार उडविल्यास नळी फुटते व उडविणाऱ्याचा हात किंवा डोळा जातो.

दुसरी गोष्ट म्हणजे बोल्टचे डोके व काडतुसाचे बूड ह्यांमधील जागा. नळी बदलली की ही जागा बदलते, म्हणून कारागिराने ती मापाच्या ठोकळ्यांनी तपासून दिलीच पाहिजे. किती बारीक हिशेब असतो, हे .३०३ च्या सैनिकी मापावरून कळेल : तेथे बोल्टच्या डोक्यापासून काडतुसाची कड जेथे टेकते तेथपर्यंतचे अंतर कमीत कमी ०.०६४ इंच व जास्तीत जास्त ०.०७४ इंच ठरविलेले होते. सारा खेळ एका इंचाच्या शंभराव्या भागाचा. हे आकडे .३०३ चे आहेत. दुसऱ्या बोअरला त्याचेच ठोकळे लागतात. उडालेल्या पितळी कवचाच्या बुडाजवळ चकचकीत कडे किंवा चीर दिसली, अथवा टोपी मागे उचललेली दिसली, तर त्या घटकेपासून बार उडविणे बंद करावे व रायफल कारागिराकडे न्यावी. एका रायफलीचा बोल्ट दुसरीत कधीही घालू नये.

तिसरे असे की, नळी बसविणे, लाकूड तासणे, माशी सरकविणे ही कामे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना असलेल्या कारागिराचीच आहेत. मालकाचे काम दोष ओळखण्याचे व तो कारागिरास नेमक्या शब्दांत सांगण्याचे. नळी बदलल्याची हकिकत परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यास लेखी कळवून ठेवणे हेही शहाणपणाचे. चाचणीचे बार शेतात उडवू नयेत. रायफलीची गोळी मैलाच्या पुढेही जाते व तेवढ्या टापूत कोण गुरे चारीत आहे हे कोणास दिसत नाही. रायफल क्लबाच्या चांदमारीवर रीतसर परवानगीने जावे.

चाचणी कशी घ्यावी

खताचा प्रयोग करणारा शेतकरी एकाच वाफ्यात बियाणेही बदलील व खतही बदलील, तर पीक वाढले ते कशामुळे हे त्यास कधीच कळणार नाही. तोच नियम येथे आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी व प्रत्येक वेळी लिहून ठेवावे.

काडतुसे एकाच पेटीतील व एकाच घाण्याची घ्यावी. निरनिराळ्या वर्षांची काडतुसे मिसळली, तर दारूच्या जोरातील फरकाने गोळ्या वरखाली पडतात व दोष मात्र नळीस लागतो. नळीतील तेल कोरड्या चिंधीने पुसून काढावे, कारण तेलकट नळीतून सुटलेली पहिली गोळी पुष्कळदा इतरांपासून दूर जाते. वारा पडलेला असताना, म्हणजे बहुधा सकाळी, बसावे. नळीखालचे लाकूड वाळूच्या पिशवीवर ठेवावे. नळी स्वतः कशावरही टेकवू नये. पिशवी दर वेळी लाकडाच्या त्याच जागेखाली असावी. १०० वारांवरील कागदावर सावकाश पाच बार उडवावे, नळी हातास थंड लागेपर्यंत थांबावे व दुसऱ्या कागदावर आणखी पाच उडवावे. प्रत्येक ठशाजवळ त्याचा अनुक्रमांक लिहावा. एका गोळीवरून काही ठरवू नये. नंतर दुसऱ्या जाणत्या माणसाकडून तितकेच बार उडवून घ्यावे. त्याचे ठसे एकत्र पडले व आपले विखुरले, तर दुरुस्ती रायफलीस नको, आपल्या खांद्यास व बोटास हवी आहे. चाप हिसकणे व बार उडण्याच्या आधीच डोळे मिटणे ह्या सवयी पुष्कळांस असतात व कबूल थोडे करतात.

ठशांवरून निदान

वैद्य नाडी पाहतो तसा हा कागद पाहावा.

(१) ठसे एकमेकांजवळ, पण मध्यापासून दूर : रायफल निर्दोष आहे, फक्त माशी व मागील खाच जुळवावयाची आहे.

(२) ठसे उभ्या रांगेत : काडतुसांच्या जोरात फरक, वाळूच्या पिशवीची जागा बदलणे, किंवा पुढील लाकडाचा नळीवर खालून पडणारा दाब कमीजास्त होणे.

(३) ठसे आडव्या रांगेत : वारा, चाप बाजूस ओढणे, सैल माशी, किंवा लाकूड नळीस एकाच बाजूने टेकणे.

(४) ठशांचे दोन वेगळे पुंजके : काहीतरी दोन जागांमध्ये हलत आहे. लाकूड धरणारे स्क्रू, खाचेची बैठक, माशीची बैठक हे क्रमाने पाहावे.

(५) नळी तापत जाईल तसतसे एकाच दिशेस सरकणारे ठसे : तापून वाढणारी नळी लाकडास कोठे तरी अडते, किंवा नळीच्या पोलादातच ताण राहून गेला आहे.

(६) सर्वत्र विखुरलेले ठसे : नळीचे तोंड दुखावलेले, आतील आटे तांब्याच्या किटणाने भरलेले, नळी सांगाड्यात पुरती न बसलेली, किंवा काडतुसे बोअरला न मानवणारी.

तपासणीचा क्रम

नेहमी सोप्याकडून कठिणाकडे व फुकटाकडून खर्चाकडे जावे. पहिल्याने स्क्रू. पावसाळ्यात लाकूड फुगते व हिवाळ्यात आकसते. श्रावणात घट्ट असलेला स्क्रू कार्तिकात सैल झालेला आढळतो. चापाच्या कड्यापुढचा मोठा स्क्रू ह्यात मुख्य. दस्ता हलतो की काय हेही पाहावे. परंतु त्याच्या पोटातील लांब बोल्ट स्वतः पिळू नये. जुन्या सैनिकी ली-एनफील्डमध्ये पुढील लाकूड आधी न काढता तो फिरविल्यास ते लाकूड चिरते.

दुसऱ्याने माशी व खाच. मागून पाहता माशी अगदी उभी दिसली पाहिजे. नळी आट्यांत थोडी कमी किंवा जास्त फिरली असेल, तर माशी एका अंगास कललेली दिसते. हा दोष कारागिराचा व तो त्यानेच काढावयाचा. माशीच्या बुडाशी पेन्सिलीने बारीक रेघ ओढून ठेवावी. दहा बारांनंतर रेघ तुटलेली दिसली तर माशी सरकते असे सिद्ध झाले.

तिसऱ्याने नळीचे तोंड. भिंगाने पाहता कड सर्व बाजूंनी सारखी असावी. तोंडाकडून गज घालून साफ करण्याच्या सवयीने ही कड एका अंगास झिजते व गोळी सुटताना मागचा वायू त्या बाजूने आधी निसटून तिला कलंडवितो. ह्या रायफलीचा बोल्ट मागून निघतो, तेव्हा गज नेहमी मागूनच घालावा.

चौथ्याने नळीची आतील बाजू. नव्या नळीतही तांब्याचे किटण लवकर धरते; ते त्यासाठी मिळणाऱ्या औषधाने काढावे. जुन्या सैनिकी काडतुसांच्या टोपीतील क्षार नळीत राहतो व हवेतील ओल ओढून गंज आणतो. तो तेलाने जात नाही, पाण्याने धुवावा लागतो. मग कोरडे करून तेलाचा हात द्यावा. आमच्या स्नेह्यांची पहिली नळी ह्याच कारणाने गेली असावी.

पाचव्याने लाकूड व नळी ह्यांचा स्पर्श. पातळ कागदाची पट्टी दोहोंच्या मध्ये सरकवून ती कोठे अडते ते पाहावे. हल्लीच्या अनेक रायफलींत नळी लाकडापासून सर्वत्र मोकळी ठेवतात. परंतु सैनिकी ली-एनफील्डमध्ये पुढील टोकाशी खालून ठरावीक दाब मुद्दाम ठेवलेला असे. म्हणून कोठे स्पर्श दिसला की लाकूड तासून टाका, असे कारागिरास सांगू नये. आपल्या रायफलीची मूळ रचना कोणती हे त्यास आधी विचारावे. खालचा दाब चालेल. एकाच कुशीचा दाब मात्र कोणत्याही रचनेत चालत नाही.

इतके करूनही ठसे विखुरलेलेच राहिले, तरच नळीचे माप, तिची बैठक व तिच्यातील ताण ह्यांकडे वळावे, आणि नळी परत करण्याची भाषा बोलावी.

आमच्या स्नेह्यांच्या रायफलीत काय निघाले

पहिल्या सकाळी पाच ठसे दोन पुंजक्यांत पडले व त्यांचा विस्तार साडेनऊ इंच भरला. चापाच्या कड्यापुढचा स्क्रू पाहिला तो जवळजवळ अर्धा फेरा सैल. पावसाळ्यात फुगलेल्या लाकडात घट्ट केलेला तो स्क्रू लाकूड वाळताच सुटला होता. तो आवळल्यावर दोन पुंजक्यांचा एक झाला, पण ठसे आडव्या रांगेत पडू लागले, व नळी तापे तसतसे उजवीकडे सरकू लागले. दुसऱ्या सकाळी कागदाची पट्टी घातली. ती डाव्या कुशीस, टोकापासून चार बोटांवर अडली. नवी नळी जुनीपेक्षा किंचित जाड होती व त्या ठिकाणी लाकूड तिला उजवीकडे रेटीत होते. कारागिराने आमच्यादेखत तेवढीच जागा कागदाच्या जाडीइतकी मोकळी केली. तिसऱ्या सकाळी पाच ठसे तीन इंचांत आले. मात्र सर्वच्या सर्व मध्यापासून पाच इंच डावीकडे.

आता, आणि आताच, माशीस हात लावण्याची वेळ आली. हिशेब त्रैराशिकाचा आहे. माशी व खाच ह्यांमधील अंतर २० इंच धरले, व १०० वार म्हणजे ३६०० इंच, तर माशीचा फरक कागदावर १८० पट होऊन दिसतो. म्हणजे माशी इंचाचा शंभरावा भाग सरकली तर गोळी १.८ इंच सरकते. पाच इंचांसाठी ५ भागिले १८०, म्हणजे सुमारे ०.०२८ इंच पुरेत. दिशेचा नियम असा की, गोळी ज्या बाजूस चुकते त्याच बाजूस पुढील माशी सरकवावी. गोळी वर लागत असेल तर माशी उंच करावी, खाली लागत असेल तर ठेंगणी. मागील खाचेचा नियम ह्याच्या उलट. त्याप्रमाणे माशी डावीकडे घेतली व पुढील पाच ठसे मध्याभोवती पडले.

पहिल्याच दिवशी त्यांनी माशी ठोकून ठोकून नेम जुळविण्याचा प्रयत्न केला असता, तर काय झाले असते ? एका पुंजक्यास जुळविलेली माशी दुसऱ्यास खोटी ठरली असती, थंड नळीस जुळविलेली तापल्यावर खोटी ठरली असती, आणि चांगली नळी भंगाराच्या भावाने गेली असती. नळीचा दोष काहीच नव्हता. एक स्क्रू व बोटभर लाकूड ह्यांनी सारा अनर्थ केला होता.

ह्यावरून आमच्या वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे. नळी बदलून आलेली रायफल चांदमारीवर कागदावर पारखल्याशिवाय राखणीस नेऊ नये. पावसाळा संपल्यावर व उन्हाळा लागल्यावर, असे वर्षातून दोन वेळा तिचे स्क्रू कारागिराकडून पाहून घ्यावे व पाच बारांचा कागद काढून तारखेसह जपून ठेवावा. पुढे नेम बिघडल्यास तो जुना कागदच उत्तम साक्षीदार होतो. आणि ज्या दिवशी हत्याराविषयी मनात शंका असेल, त्या दिवशी डुक्कर कणसे खात असताना दिसले तरी चापास बोट लावू नये. चार पायल्या जोंधळा गेला तर पुढील साली पिकविता येतो. अर्धवट लागलेल्या गोळीने उसाच्या फडात जे संकट दडून बसते, त्याची भरपाई कोणत्याही सुगीस होत नाही.